कार्बोरेटरच्या तोंडाशी पेट्रोलचा पाईप पक्का कसा करावा

आमची अँबेसिडर १९८४ ची. मार्क ४, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. आबांनी घेतलेली, आता माझ्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात कणकवलीहून कोल्हापूरला परत येत होतो. करूळ घाट चढून गगनबावड्याला पोचतो तोच पेट्रोलचा वास आला. घाट चढताना जुन्या गाडीला थोडा वास येतोच, असं समजून मी पुढे गेलेही असते. पण शेजारी बसलेले आबा म्हणाले, "थांब. बाजूला घे, आधी चावी बंद कर."

बॉनेट उघडलं तर पेट्रोलचा रबरी पाईप कार्बोरेटरपासून, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागापासून, सुटायच्या बेतात होता. पाईपला चीर नव्हती आणि क्लिप इतकी घट्ट होती की फिरत नव्हती. पाईपच्या आतली पितळी नळी, जिला आपण निपल म्हणतो, तीच कार्बोरेटरच्या झाकणातून निम्म्याहून जास्त बाहेर सरकली होती. मी बोट लावलं आणि ती पाईपसकट हातात आली.

जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने ही जागा एकदा तपासावी, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. अँबेसिडरच्या या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा तापलेला धूर बाहेर नेणारी ओतीव नळी) एकाच अंगाला आहेत, स्टिअरिंगच्या विरुद्ध बाजूला, आणि कार्बोरेटर बरोबर वर आहे. म्हणजे निपलपाशी गळलेला थेंब सरळ तापलेल्या मॅनिफोल्डवर पडणार. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी तयार होते. शिवाय ती हवेपेक्षा जड असते, त्यामुळे खाली साचून राहते. इंजिन फिरतंय तोवर पंप पेट्रोल ढकलत राहतो, त्यामुळे एकदा पाईप निसटला की चावी बंद करेपर्यंत धार थांबत नाही.

निपल सुटतं कसं, ते आधी समजून घ्या. बऱ्याच कार्बोरेटरांत निपलला आटे नसतात. झाकणाच्या ओतीव धातूत भोक पाडून पितळेची नळी नुसती दाबून बसवलेली असते. नवं असताना ती घट्ट असते. पुढे तीस-चाळीस वर्षं झाकण तापतं, निवतं, इंजिन हादरत राहतं. त्यातच पाईप बदलताना कोणीतरी जुना चिकटलेला पाईप पकडीने पिळून ओढतो. तो पाईप खरं तर उभा चिरून काढायचा असतो. प्रत्येक पिळवटीने निपल भोकात किंचित फिरतं आणि भोक झिजतं. माझ्या गाडीवर आधीच्या मिस्त्रीने मूळ कार्बोरेटर काढून दुसरं बसवलं होतं, त्याचं निपल याच जातीचं होतं. गळती दिसली की आपण सगळे क्लिप आवळतो. मीही वर्षभर तेच केलं. क्लिप आवळून पाईप निपलला धरून राहतो, पण निपलला धरून ठेवणारं काहीच नसतं.

तपासणी गार इंजिनावर, उघड्यावर करा. बंद गॅरेजमध्ये अजिबात नको. बॅटरीची अर्थची वायर आधी सोडा. काही जुन्या ब्रिटिश ढंगाच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणून नुसती काळी वायर न बघता बॉडीला जोडलेली वायर कोणती ते बघा. उजेडाला एलईडी टॉर्च घ्या. काचेचा बल्ब फुटला तर त्याची ठिणगी पुरते. आता पाईप तसाच ठेवून निपल मुळाशी दोन बोटांत धरा आणि अगदी हलक्या हाताने फिरवून बघा. पकड लावू नका, तिने चांगलं निपलही सैल होईल. केसभर जरी फिरलं तरी ते गेलं समजा. मुळाशी तपकिरी, चिकट वर्तुळ दिसलं तर तिथून पेट्रोल झिरपून वाळतं आहे.

निपल सैल निघालं तर दोन रस्ते आहेत. भोक फारसं झिजलेलं नसेल, नळी बोटाने ढकलल्यावर अडकून बसत असेल, तर पेट्रोल चालणारं रिटेनिंग कंपाउंड, म्हणजे एकात एक बसलेले धातूचे भाग पक्के धरणारा गोंद, मिळतं. बेअरिंग बसवायला वापरतात त्या जातीचं. नळी आणि भोक दोन्ही सॉल्व्हंटने पुसून पूर्ण कोरडी करा, नळीच्या बाहेरून एक पातळ थर द्या, आत ढकला आणि चोवीस तास हात लावू नका. कंपाउंड आतल्या तोंडाशी जाणार नाही एवढं बघा. बाहेरून इपॉक्सी पुट्टीचा गोळा थापून काम भागवलेलं मी पाहिलं आहे, आणि काही महिन्यांनी तोच गोळा अख्खा सुटून आलेलाही पाहिला आहे. पुट्टीच्या वाटेला जाऊ नका.

दुसरा रस्ता आट्यांचा, आणि माझं मत विचाराल तर तोच खरा. मी झाकण घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवाल्या काकांकडे गेले. त्यांनी व्हर्नियर लावून आधी भोकाभोवतीची भिंत मोजली. भोक ८ मिमी, त्याभोवतीचा उंचवटा बाहेरून १५ मिमी. म्हणाले, "ताई, माल आहे, आटे धरतील. भिंत पातळ असती तर मी हात लावला नसता." त्यांनी भोक ९ मिमी केलं आणि १० मिमीचे, एक मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांमधल्या अंतराचे) बारीक आटे पाडले. टॅप एका दमात न फिरवता अर्धा फेरा पुढे, पाव मागे, मध्ये तेल, असं करत गेले. ओतीव धातू ठिसूळ असतो, घाई केली तर कड तुटते. मग पितळेच्या षटकोनी सळईतून नवं निपल कातलं: एका टोकाला आटे, मध्ये पान्यासाठी षटकोन, दुसऱ्या टोकाला पाईप चढवायची नळी, आणि त्या नळीच्या टोकाशी उंच वळी. ही वळी काकांनी मी न सांगताच ठेवली. पाईपला मागे सरकू देत नाही ती तीच.

झाकण लेथवर देण्याआधी त्यातला नीडल व्हॉल्व्ह (पेट्रोलची वाट बंद करणारी सुई) आणि फ्लोट (तिला हलवणारा तरंगता भाग) काढून घ्या. परत आल्यावर झाकण पेट्रोलने धुवा आणि प्रत्येक वाटेतून हवा मारा. पितळेचा एक बारीक कीस नीडलखाली अडकला तर नीडल बंद होत नाही, कार्बोरेटर भरून वाहतो, आणि आपण ज्याला घाबरून हे सगळं केलं तेच पेट्रोल पुन्हा मॅनिफोल्डवर येतं. निपल बसवताना षटकोनाखाली तांब्याचा वायसर घाला. जुना वायसर पुन्हा वापरायचा असेल तर तो लाल होईपर्यंत तापवून निववा, म्हणजे मऊ होतो. हे काम अर्थातच गाडीपासून आणि पेट्रोलपासून लांब. टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचे धागे सुटून आत जातात आणि जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, बसतात. आणि पाना बेताने. पितळ ओतीव धातूत बसतंय, चाकाचा नट आवळायचा नाहीये.

लेथवाला मिळेपर्यंत गाडी चालवणं भागच असेल तर एक तात्पुरता उपाय आहे. पाईपवरच्या क्लिपमधून मऊ लोखंडी तार ओवून ती कार्बोरेटरच्या झाकणाच्या स्क्रूला पीळ देऊन बांधा. निपल सैल झालं तरी बाहेर निसटणार नाही. गळती मात्र याने थांबत नाही. गगनबावड्याहून कोल्हापूर साधारण ५५ किलोमीटर. निपल दाबून बसवलं, त्यावर अशी तार बांधली आणि दर दहा किलोमीटरला बॉनेट उघडत आम्ही घरी आलो. आज मी ते करणार नाही, टो करून आणेन.

आता पाईप. २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. आपल्या गाड्यांचं जुन्या जातीचं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. कुठे ते फुगून लिबलिबीत होतं, कुठे कडक होऊन तडकतं. दुकानात "पेट्रोल पाईप द्या" एवढंच सांगितलं तर काळा, बिनछापाचा पाईप हातात येतो. तो घेऊ नका. पाईपच्या अंगावर एसएई जे३० आर९ असा छाप शोधा, हा पेट्रोल पाईपच्या प्रमाणाचा नंबर. हा पाईप इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांसाठी असतो. आपल्या पंपाचा दाब जेमतेम तीन-चार पीएसआय, म्हणजे दाबाच्या दृष्टीने तो गरजेपेक्षा कितीतरी भारी आहे. पण त्याचा आतला थर इथेनॉलला टिकतो, आणि मला तेवढ्यासाठीच तो हवा असतो. आर६, आर७ हे कार्बोरेटरसाठीचेच प्रकार आहेत, पण आजच्या पेट्रोलला मी ते लावत नाही.

पाईपचं आतलं माप निपलच्या बाहेरच्या मापाइतकंच हवं. माझं निपल ८ मिमी, पाईपही ८ मिमीचा. सैल पाईप क्लिपने आवळून बसवला की त्याला आतून घडी पडते आणि त्या घडीतूनच पेट्रोल वाट काढतं. पाईप धारदार ब्लेडने काटकोनात कापा आणि निपलवर किमान २० मिमी चढवा. क्लिप वळीच्या मागे बसली पाहिजे. वळीवर नको, पाईपच्या अगदी टोकावरही नको.

क्लिप कोणती, यावर मी हट्टी आहे. पट्टीला आरपार खाचा असलेली, स्क्रूने फिरणारी क्लिप रेडिएटरच्या जाड पाईपला छान. बारीक पाईपवर ती नीट गोल बसत नाही आणि तिच्या खाचांत रबर घुसून कापलं जातं. माझा जुना पाईप काढला तेव्हा त्यावर खाचांची रांगच उमटलेली होती, दोन ठिकाणी आतला दोरा दिसत होता. लहान पाईपसाठी कडा बाहेर वळवलेली, नट-बोल्टची क्लिप मिळते. पट्टी सपाट असते, चारी बाजूंनी सारखी आवळते. रबर पट्टीच्या बाजूने किंचित फुगलं की थांबायचं.

रबरी पाईप जितका कमी तितकं बरं. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं आणि बॉडी हलत नाही, म्हणून टाकीकडून येणारी लोखंडी नळी आणि इंजिनावरचा पंप यांच्यात रबर लागतंच. पंप आणि कार्बोरेटर मात्र दोन्ही इंजिनावर बसलेले, दोन्ही सोबत हलतात. तिथे बहुतेक अंतर धातूच्या नळीने काढता येतं, फक्त ती मध्ये एका कानावर क्लॅम्प करा, लोंबकळत ठेवू नका. तांब्याची नळी हादऱ्यांनी कडक होऊन मोडते, म्हणून स्टीलची बरी. नळीच्या टोकाला वळी हवीच. नुसत्या कापलेल्या टोकावरून पाईप तेल लावल्यासारखा घसरतो.

आणि तो पारदर्शक प्लॅस्टिकचा फिल्टर. तो पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये, मॅनिफोल्डच्या वर लटकलेला दिसला तर आजच काढा. दोन जास्तीचे जोड, त्यात प्लॅस्टिक, तेही दाबाच्या बाजूला आणि आगीच्या तोंडावर. फिल्टर पंपाच्या आधी, टाकीच्या बाजूला लावा. तिथे पेट्रोल ओढलं जातं, ढकललं जात नाही. इलेक्ट्रिक पंप बसवला असेल तर तो इंजिन बंद पडलं तरी चालू राहतो. त्याची वायर अशा स्विचवरून घ्या जो धक्का बसल्यावर किंवा ऑइलचा दाब गेल्यावर पंप तोडतो.

सगळं जोडून झालं की लगेच स्टार्टर मारू नका. माझ्या पंपाला खाली हाताने हलवायची दांडी आहे. ती वीस-पंचवीस वेळा हलवली की कार्बोरेटर भरतो आणि प्रत्येक जोडावर दाब येतो, तोही गार इंजिनावर. मग पांढऱ्या कागदाचा कपटा प्रत्येक जोडाखाली फिरवायचा. डोळ्यांना न दिसणारी ओल कागदावर लगेच उमटते. कोरडं असेल तर बॅटरी जोडून इंजिन सुरू करा, दहा मिनिटं चालू ठेवा, बंद करा आणि पाच मिनिटांनी पुन्हा कागद फिरवा. हे शेवटचं बघणं सर्वांत महत्त्वाचं. इंजिन बंद केल्यावर पंखा थांबतो, खालची धग वर चढते, नळीतलं पेट्रोल उकळायला लागतं आणि दाब वाढतो. चालत्या इंजिनावर कोरडे असलेले जोड तेव्हा घाम सोडतात. पन्नास किलोमीटरनंतर एकदा आणि आठवड्याने एकदा क्लिपा पुन्हा बघा. नवं रबर थोडं दबतं. पेट्रोलने भिजलेल्या चिंध्या घरात आणू नका, उघड्यावर पसरून वाळवा.

पाईप बदलल्याची तारीख मी एअर क्लीनरच्या डब्यावर पांढऱ्या पेंटने लिहिते. महिन्यातून एकदा पाईप चिमटीत दाबून बघते. लिबलिबीत लागला किंवा दाबल्यावर बारीक तडे दिसले, तर तारखेची वाट न बघता बदलते.

ड्रायव्हरच्या सीटखाली दोन किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक पट्ट्याने बांधलेला आहे. डिकीत ठेवून उपयोग नाही, तिथे पेट्रोलची टाकी आहे. बॉनेटमधून धूर किंवा ज्वाळा दिसली तर आधी चावी बंद, मग सगळे खाली. बॉनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की आग भडकते. पहिली खटकी सोडून जेवढी फट पडते तिच्यातून पावडर मारा. पाणी टाकू नका, पेट्रोल त्यावर तरंगत पसरतं. अग्निशामक संपला आणि आग विझली नाही, तर गाडी सोडून लांब व्हा. आबांनीही मला हेच सांगून ठेवलं आहे, आणि ही गाडी त्यांना किती प्रिय आहे ते मला माहीत आहे.