कन्सोल की पीसी? पैसे जाण्याआधी आणि गेल्यावर होणाऱ्या या चुका टाळा

“प्लेस्टेशनसारखा कन्सोल घेऊ की पीसी?” असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, खेळायचंय काय? निम्म्या वेळा उत्तर येतं, “ते अजून ठरवलं नाही, पण ४के, म्हणजे एकदम रेखीव चित्रच पाहिजे.” म्हणजे यंत्राची ताकद आधी ठरली. त्यावर खेळायचं काय, ते कुठल्या पडद्याला जोडायचं, अडलं तर डोकं कोण घालणार, हे सगळं नंतर. पैसे पाण्यात गेल्याच्या जेवढ्या कहाण्या मी ऐकल्यात, त्यातल्या बहुतेकांचं मूळ या उलट्या क्रमात आहे. एक कहाणी माझी स्वतःची आहे, ती पुढे येईलच.

गेम न बघता यंत्र घेणं

माझ्या आतेभावाने मोठ्या हौसेने कन्सोल आणला आणि पहिल्याच संध्याकाळी त्यावर काउंटर-स्ट्राइक २ शोधत बसला. तो तिथे नाहीच. डोटा २ सुद्धा नाही. व्हॅलोरंट पीसीवर २०२० मध्ये आला, कन्सोलवर यायला २०२४ उजाडलं, आणि अजूनही कन्सोलवाले आणि पीसीवाले एका सामन्यात खेळू शकत नाहीत. त्याचे सगळे मित्र पीसीवर. बाकी काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

उलट बाजूनेही हेच होतं. मारिओ आणि झेल्डा खेळायचे तर निन्टेन्डोचंच यंत्र लागतं. प्लेस्टेशनचा ब्लडबोर्न २०१५ चा, पीसीवाले अजून वाट बघतायत. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला, पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. रेड डेड रिडेम्प्शन २ ला वर्षभराचा उशीर झाला. गॉड ऑफ वॉर २०१८ चा, पीसीवर पोचला जानेवारी २०२२ मध्ये. “कधीतरी येईलच की पीसीवर” हे बरेचदा खरं ठरतं, पण तोवर कळीचे प्रसंग दहा जणांकडून ऐकून झालेले असतात.

म्हणून कागदावर पाच गेमची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे तो कशाकशावर चालतो ते लिहा. मित्रांबरोबर खेळायचं असेल तर क्रॉसप्ले, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांवरून एकत्र खेळायची सोय, आहे का तेही बघा. फोर्टनाइट आणि रॉकेट लीगमध्ये आहे, सगळीकडे नाही. शिवाय क्रॉसप्ले म्हणजे एकदा घेतलेला गेम दोन्हीकडे मिळतो असं नव्हे. प्लेस्टेशनवर घेतलेला गेम स्टीमवर, म्हणजे पीसीच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात, आपोआप येत नाही, तिथे पुन्हा पैसे मोजावे लागतात.

पडद्याचा विचार सगळ्यात शेवटी करणं

माझी कहाणी इथली. नवा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकणारा मॉनिटर घेतला आणि जवळजवळ चार महिने तो ६० हर्ट्झवर चालवला. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये आत कुठेतरी रिफ्रेश रेटचा पर्याय असतो, तो बदलायचा असतो हे मला ठाऊकच नव्हतं. वर मी लोकांना सांगत होतो, “फरक स्पष्ट दिसतो!”

कन्सोलवाल्यांची गफलत वेगळी. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीज एक्स ४के चित्र १२० हर्ट्झने देऊ शकतात, पण त्यासाठी टीव्हीच्या त्या विशिष्ट पोर्टला एचडीएमआय २.१ ची क्षमता लागते आणि केबलही तशीच लागते. कन्सोलच्या खोक्यातली केबल बाजूला ठेवून जुनी, जरा लांब केबल वापरली की गाडी अडते. अनेक टीव्हींवर चारपैकी एकदोनच पोर्ट त्या ताकदीचे असतात, नेमका उरलेल्यांपैकी एकात सेट-टॉप बॉक्सच्या जागी कन्सोल खोचला जातो.

“बटण दाबल्यावर उशिरा उडी मारतो” ही तक्रार आली की दोष कन्सोलला देण्याआधी टीव्हीचा गेम मोड चालू आहे का ते बघा. चित्र गुळगुळीत, झळाळतं करण्यासाठी टीव्ही प्रत्येक फ्रेमवर, म्हणजे एकेका चित्रावर, काहीबाही प्रक्रिया करतो आणि त्यात वेळ जातो. सेकंदाला ६० फ्रेमचा गेम दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र देतो, ३० फ्रेमचा ३३.३ मिलिसेकंदांनी. टीव्हीनेच त्यावर आणखी काही फ्रेमचा उशीर चढवला तर महागडं यंत्र असून हात जडच वाटणार. सिनेमाला साजेसा मोड गेमला मारक ठरतो.

आणि ४केच्या हट्टाबद्दल एक गोष्ट. कन्सोलवरचे बरेच गेम क्वालिटी आणि परफॉर्मन्स असे दोन मोड देतात. पहिल्यात चित्र रेखीव, पण फ्रेम बहुधा ३०. दुसऱ्यात फ्रेम ६०, पण चित्र कमी रेझोल्यूशनवर, म्हणजे कमी ठिपक्यांत, काढून वर ताणलेलं. मी डोळे मिटून परफॉर्मन्स निवडतो. पीसीवर डीएलएसएस आणि एफएसआर ही तंत्रं हेच ताणण्याचं काम करतात, त्यामुळे “कन्सोलचं ४के खोटं” असं पीसीवाल्यांनी फार तोंड वर करून म्हणू नये.

फक्त यंत्राची किंमत धरणं

कन्सोल स्वस्त दिसतो कारण त्याचा खर्च हप्त्याहप्त्याने येतो. विकत घेतलेला गेम ऑनलाइन इतरांबरोबर खेळायला प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेन्डो तिघांनाही वर्गणी लागते. फोर्टनाइटसारखे फुकट गेम त्यातून सुटतात. पीसीवर अशी वर्गणी नाही. पण पीसीवालेही हिशेबात लबाडी करतात. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरची बेरीज दाखवून “बघ, कन्सोलएवढ्यातच बसतं” म्हणतात, आणि विंडोज, मॉनिटर, कीबोर्ड, माउस, हेडफोन सोयीस्करपणे विसरतात.

डिस्कचं गणितही आधीच मांडा. एक्सबॉक्स सीरीज एसमध्ये डिस्क ड्राइव्ह नाही, प्लेस्टेशन ५ च्या डिजिटल आवृत्तीत नाही, आणि सगळ्यात महाग असलेल्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्येही नाही. डिस्क असेल तर गेम संपवून विकता येतो, मित्राकडून उसना आणता येतो. नसेल तर कंपनीच्या दुकानात जो भाव असेल तो. प्रोला आणि २०२३ च्या अखेरीस आलेल्या सडपातळ प्लेस्टेशन ५ ला ड्राइव्ह वेगळा घेऊन जोडता येतो, मात्र पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतंच.

पैसे परत मिळण्यातही फरक आहे. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर सहसा विनाकटकट पैसे परत मिळतात. प्लेस्टेशनच्या दुकानातही १४ दिवस आहेत, पण डाउनलोड सुरू केलंत की, गेममध्येच दोष असल्याखेरीज, तो हक्क जातो. बऱ्याच जणांचा नवा गेम विकत घेताक्षणी आपोआप उतरायला लागतो. ती सोय बंद करून ठेवा.

जागेचा अंदाज चुकणं

पहिल्या प्लेस्टेशन ५ वर ८२५ जीबी लिहिलेलं असतं, हाती येतात सुमारे ६६७. सुरुवातीच्या सीरीज एसमध्ये ५१२ पैकी ३६४. मोठा गेम एकटाच शंभर जीबीच्या पुढे जातो, म्हणजे सीरीज एसमध्ये असे तीन बसले तरी नशीब.

मग लोक घरातली जुनी यूएसबी हार्ड डिस्क लावतात आणि वैतागतात. प्लेस्टेशन ५ चे गेम त्यावर ठेवता येतात, तिथून खेळता येत नाहीत, खेळण्याआधी आत आणावे लागतात. प्लेस्टेशन ४ चे गेम मात्र तिथूनच चालतात. खरी जागा वाढवायची तर आतल्या खोबणीत एम.२ एसएसडी, म्हणजे पट्टीसारखी वेगवान डिस्क, बसवायची. ती पीसीआयई चौथ्या पिढीची हवी, वेग सेकंदाला ५,५०० एमबीच्या आसपास किंवा जास्त हवा आणि तिच्यावर हीट सिंक, म्हणजे उष्णता खेचणारा धातूचा तुकडा, हवा. हीट सिंक नसलेली थोडी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. निन्टेन्डो स्विच २ ला मायक्रोएसडी एक्सप्रेस जातीचं कार्ड लागतं, जुन्या स्विचमधलं साधं कार्ड गेम ठेवायला चालत नाही.

पीसी जोडला, पण पळत नाही

या प्रकरणात मी सगळ्यात जास्त रमतो, कारण इथल्या बहुतेक आजारांना पैसे लागत नाहीत.

सर्वांत मोठा विनोद केबलचा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीच्या, पोर्टमध्ये खोचलेली असते. विंडोज छान दिसतं, व्हिडिओ चालतात, गेम मात्र रांगतो, कारण सगळं काम प्रोसेसरमधलं छोटं ग्राफिक्स करत असतं. प्रोसेसरमध्ये ते नसेल तर पडदा काळाच राहतो आणि माणूस कार्ड मेलं समजून दुकानात धावतो. मागे वाकून बघा. उभ्या रांगेतले पोर्ट मदरबोर्डाचे, खाली आडवे असतात ते कार्डाचे.

दुसरं दुखणं रॅमचं. एकच १६ जीबीची पट्टी लावण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन लावल्या तर दोन वाटांनी माहिती वाहते आणि अनेक गेममध्ये फरक जाणवतो. चार खाचा असतील तर बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी वापरा. एवढं करूनही वेगवान रॅम आपल्या मंद मूळ वेगावरच चालत असते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो हा रॅमच्या वेगाचा पर्याय चालू केल्याशिवाय खोक्यावरचा आकडा मिळत नाही.

लॅपटॉप घेणाऱ्यांनो, कार्डाच्या नावाला भुलू नका. डेस्कटॉपचं आरटीएक्स ४०९० साडेचारशे वॉट खातं. त्याच नावाचं लॅपटॉपमधलं कार्ड जास्तीत जास्त १७५ वॉटवर चालतं आणि त्याची चिप खरं तर डेस्कटॉपच्या ४०८० ची आहे. आरटीएक्स ४०६० लॅपटॉपमध्ये ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत काहीही असू शकतं, नाव मात्र तेच. विक्रेत्याला वॉट विचारा. तो गडबडला तर तपशीलपत्रक मागा. आणि खेळताना चार्जर लावलेला ठेवा, बॅटरीवर कोणताही गेमिंग लॅपटॉप अर्धमेला होतो.

पॉवर सप्लायवरच्या ८० प्लस गोल्ड वगैरे बिल्ल्यांचा अर्थ वीज किती कमी वाया जाते एवढाच. आतला माल टिकाऊ आहे की नाही ते त्यातून कळत नाही. गेम ऐन रंगात असताना पीसी निळा पडदाही न दाखवता धप्पकन बंद पडत असेल तर पहिला संशय इथे घ्या, दुसरा तापमानावर.

नवा गेम पहिला अर्धा तास अडखळतो, नंतर सुधारतो? तो बहुधा शेडर, म्हणजे चित्र कसं रंगवायचं ते कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम, तयार करतोय. प्रत्येक पीसीतलं कार्ड वेगळं, म्हणून हे काम तुमच्याच यंत्रावर करावं लागतं. कन्सोलवर सगळ्यांचं यंत्र एकच, म्हणून तयार माल आधीच पाठवता येतो. गेम सुरू होताना शेडरची पट्टी सरकत असेल तर ती पूर्ण होऊ द्या, घाईने पुढे जाऊ नका.

अलीकडे एक नवीन डोकेदुखी आली आहे. फसवेगिरी रोखण्यासाठी काही गेम सिक्युअर बूट, म्हणजे खात्रीच्या सॉफ्टवेअरनेच पीसी सुरू होऊ देणारी सोय, चालू असायला हवी म्हणतात. बॅटलफील्ड ६ ती मागतो, विंडोज ११ वर व्हॅलोरंट तिच्या जोडीला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय सुद्धा मागतो. लोक बायोसमध्ये जाऊन धाडकन सेटिंग बदलतात आणि विंडोजच सुरू होत नाही. आधी सिस्टीम इन्फर्मेशन उघडून बायोस मोडपुढे काय लिहिलंय ते बघा. तिथे लेगसी, म्हणजे जुनी पद्धत, असेल तर डिस्कची मांडणी बदलल्याशिवाय हात लावू नका. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. स्टीम डेकसारखं लिनक्सवर चालणारं हातातलं यंत्र घेणाऱ्यांनी तर हे आधीच वाचावं: फोर्टनाइट आणि व्हॅलोरंट त्यावर सरळ चालत नाहीत.

“कन्सोलला काही बघावं लागत नाही”

लागतं, थोडं कमी. टीव्हीखालच्या बंद कपाटात कोंडलेला कन्सोल तासाभरात गरम होऊन पंखा ओरडायला लागतो. चारही बाजूंनी मोकळी हवा द्या. रेस्ट मोडमध्ये असताना भिंतीवरचं बटण बंद करायची सवय घरात कोणाला असेल, तर रेस्ट मोडच वापरू नका, पूर्ण बंद करा.

प्लेस्टेशन ५ विचित्र वागायला लागलं तर ते बंद करून पॉवर बटण दुसरी बीप ऐकू येईपर्यंत, साधारण सात सेकंद, दाबून धरा. सेफ मोड येईल. कंट्रोलर तिथे केबलनेच जोडावा लागतो, हे न कळल्यामुळे पुष्कळ जण इथेच हरतात. कॅशे साफ करून डेटाबेस पुन्हा बांधायचा पर्याय आधी वापरा, त्याने गेम पुसले जात नाहीत. रीसेटचा पर्याय मात्र सगळं साफ करतो.

सेव्हबद्दलही सावध राहा. प्लेस्टेशन ५ वरच्या गेमची प्रगती क्लाउडवर ठेवायला वर्गणी लागते आणि ती एकेक करून पेनड्राइव्हवरही घेता येत नाही. एक्सबॉक्सवर क्लाउड सेव्ह फुकट आहे. ऐंशी तासांचा खेळ एका बिघाडात गेल्यावर हा फरक कळण्यापेक्षा आत्ता कळलेला बरा.

पात्र आपोआप एका बाजूला सरकायला लागलं तर तो कंट्रोलरच्या काडीचा आजार, त्याला ड्रिफ्ट म्हणतात. आतला घासणारा भाग झिजला की होतं. गेममध्ये डेडझोन, म्हणजे काडीच्या ज्या किंचित हालचालीकडे गेम दुर्लक्ष करतो ती मर्यादा, वाढवून काही महिने ढकलता येतात. नवा कंट्रोलर घेताना चुंबकावर चालणारा हॉल इफेक्टचा मिळाला तर बघा, त्यात घासणं नसल्याने ही कटकट फार कमी होते. हाच कंट्रोलर पीसीलाही जोडता येतो, म्हणून मी तरी कन्सोल असो वा पीसी, पहिले जास्तीचे पैसे कंट्रोलरवर घालतो.