खदानीचं पाणी फिरवा, गाळ जमिनीला द्या

साक्री, धुळे, नंदुरबार पट्ट्यात खडीक्रशर चालवणाऱ्या भावांसाठी हे लिहितोय. मी खदानीवर देखरेखीचं काम करतो. खदान संपल्यावर जमीन नीट करू म्हणणाऱ्याची जमीन नीट होत नाही, कारण तोवर माती डंपरखाली तुडवली गेलेली असते आणि पैसाही संपलेला असतो. म्हणून पहिला सुरुंग लागायच्या आधीच दोन गोष्टी ठरवा: माती कुठे ठेवायची आणि पाणी कसं फिरवायचं.

आपल्या बरड माळावर माती वीतभरच असते. ती आधी खरवडून वेगळी ठेवा, मुरमात मिसळू देऊ नका. ढीग दोन मीटरपेक्षा उंच नको, आतली माती हवेविना मरते. पहिला पाऊस पडला की ढिगावर ताग किंवा धैंचा पेरा, म्हणजे माती वाहून जात नाही आणि जिवंत राहते. मुरमाचा ढीग बाजूला वेगळा.

खोदाईची दिशा ठरवताना डाईककडे बघा. धुळे-नंदुरबारकडे काळ्या कठीण दगडाच्या या उभ्या भिंती कोसन् कोस पसरल्या आहेत, बऱ्याचशा पूर्व-पश्चिम. दगड पक्का म्हणून आपला सगळ्यांचा डोळा त्यावर असतो. पण बऱ्याच ठिकाणी हीच भिंत जमिनीतलं पाणी अडवून धरते. ती आरपार कापली तर वरच्या अंगाच्या विहिरी उतरतात, आणि गावाचं पाणी एकदा गेलं की कुठल्याही भरपाईने परत येत नाही. डाईक आरपार फोडू नका. आजूबाजूच्या विहिरींची पातळी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर मोजून वहीत लिहून ठेवा. आमच्याकडे पोकलेनवर बसणारे आप्पा नवीन पोराला हेच सांगतात, ‘पानी कोठे जाई ऱ्हायनं, ते पहिले देख.’

आता क्रशरची वाळू धुण्याचं पाणी. आधी चाळणी लावून बघा, धुवायची गरज आहे का. खडी-वाळूच्या आयएस 383 या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीप्रमाणे दगड फोडून केलेल्या वाळूत 75 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक भुकटी 15 टक्क्यांपर्यंत चालते. तेवढ्यात बसत असेल तर सगळा माल धुवायचं कारण नाही.

धुवायचंच असेल तर गढूळ पाणी नाल्यात सोडायचं नाही, टाक्यांतून फिरवून परत चाळणीवर आणायचं. भुकटी खाली बसायला किती वेळ लागतो, यावर सगळं अवलंबून आहे. आपल्या काळ्या दगडाचा, म्हणजे बसाल्टचा, 20 मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यात एक मीटर उतरायला पाऊण तास घेतो, 10 मायक्रॉनचा जवळपास तीन तास, आणि 2 मायक्रॉनचा तब्बल तीन दिवस. त्यामुळे टाकी खोल करून उपयोग नाही, ती पसरट हवी. ताशी 60 घनमीटर पाणी येत असेल तर 10 मायक्रॉनपर्यंतचा कण बसवायला हिशेबाने 170 चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. प्रत्यक्षात पाणी हलतं, म्हणून दुप्पट धरा आणि दोन टाक्या बांधा. एकीतला गाळ काढायचा तेव्हा दुसरी चालू राहते.

साठवणीचं तळं मात्र उलट, अरुंद आणि खोल. आपल्याकडच्या मे महिन्यात उघडं पाणी दिवसाला 10 मिलिमीटरच्या आसपास उडून जातं. हजार चौरस मीटरच्या तळ्यातून रोज दहा हजार लिटर, म्हणजे एक टँकर, नुसता हवेत जातो. बसवायची टाकी आणि साठवायचं तळं एकच केलं की दोन्ही कामं बिघडतात. धुतलेल्या वाळूचा ढीगही उताराच्या पक्क्या फरशीवर लावा. त्यातून निथळणारं पाणी चरीने टाकीत परत येऊ द्या.

बारीक कण बसतच नसतील तर तुरटी किंवा पॉलिमर, म्हणजे कणांचे गोळे धरणारं रसायन, लागतं. किती, ते विक्रेत्याला विचारू नका, बाटल्यांत बघा. एकाच गढूळ पाण्याने पाच सारख्या पारदर्शक बाटल्या भरा. पहिलीत काही नाही, पुढच्या चारींत तुरटीचं द्रावण चढत्या मापाने. झाकण लावून सावकाश उलट्या-सुलट्या करा, जोरात हलवू नका, नाहीतर धरलेले गोळे फुटतात. मग वजनकाट्याच्या खिडकीत उजेडाला ओळीने ठेवा. योग्य मापाच्या बाटलीत राखाडी धुरकट पाण्यात आधी दाणे दिसू लागतात, मग ते एकत्र खाली सरकतात आणि वर स्वच्छ पट्टा उघडतो. तो पट्टा ज्या सर्वांत कमी मापाला नीट उघडला, तेवढंच टाकीत घाला. जास्त तुरटीने पाणी आंबट होतं आणि पंप-पाइप खराब होतात.

टाकीतला गाळ म्हणजे जमिनीचा माल आहे. तो उन्हात वाळवा, पण नुसता पसरू नका, पापडी धरून सिमेंटसारखा घट्ट होतो आणि पाणी आत जात नाही. आम्ही दोन पाट्या मुरूम, एक पाटी गाळ, एक पाटी शेणखत असं कालवतो आणि वरून जपून ठेवलेली माती देतो. रावेर-यावलकडे केळीचे खांब, बाकीकडे पऱ्हाटी, कुट्टी करून वर अंथरा. ओल टिकते. ज्या गाळात पॉलिमर गेलंय किंवा डिझेलचा तवंग दिसतो, तो शेताच्या बाजूला नको.

कड्याचे टप्पे पाडताना टप्प्याची रुंदी त्याच्या उंचीपेक्षा कमी ठेवू नका. टप्प्यावर उलटा, आतल्या बाजूला उतार द्या, म्हणजे पाणी झाडाच्या मुळाशी थांबतं. पहिल्या वर्षी झाडं लावू नका, गवत आणा: पवन्या, मारवेल. नंतर कडुनिंब, अंजन, खैर, बोर, सीताफळ. हे खान्देशात रुजलेले आहेत, पाणी कमी मागतात. आणि चराई बंद करा. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला चैत्राम पवारांनी गावाला सोबत घेऊन चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली, त्यातून जंगल उभं राहिलं. शेळी रोज शिरणार असेल तर रोपं कितीही लावा, वाया जातील.

तळाशी पाणी साठवायचं असेल तर खड्ड्याची एक बाजू नक्की उताराची करा, माणूस आणि गुरं चालत वर येतील एवढी. बाकी तिन्ही कड्यांवर तारकुंपण आणि काटेरी बाभळीची ओळ. उन्हाळ्यात पोरं पोहायला येणारच, आणि सरळ कड्याच्या पाण्यात पडलेल्याला वर यायला धरायला काही नसतं. हे काम क्रशर हलवण्याआधी पूर्ण करा, कारण मशीन गेल्यावर पोकलेन परत येत नाही.