विरेचनानंतरचा आहार : संसर्जनक्रम

वैद्यांच्या देखरेखीखाली विरेचन (औषधाने जुलाब घडवून शरीरशुद्धी करणारा पंचकर्मातील उपचार) झाल्यावर बहुतेकांना वाटते की पंचकर्म संपले. वस्तुतः शोधनाने मंद झालेला जठराग्नी हळूहळू पूर्ववत करण्याचे, पथ्याचे काम, म्हणजेच संसर्जनक्रम, तेथूनच सुरू होते. ग्रंथांत वेगांच्या (जुलाब होण्याच्या) संख्येनुसार प्रवर (उत्तम), मध्यम आणि अवर (कमी) शुद्धी (विरेचनात अनुक्रमे 30, 20 आणि 10 वेग) सांगितली असून, त्याप्रमाणे प्रत्येक पदार्थ तीन, दोन किंवा एक अन्नकाळ (जेवणाची वेळ) घ्यायचा असतो.

प्रवर शुद्धीत हा क्रम सात दिवस चालतो. विरेचनाच्या दिवशी संध्याकाळी, खरी भूक लागल्यावरच, जुन्या तांदळाची पातळ, कोमट पेज घ्यावी. तीन अन्नकाळांनंतर चौपट पाण्यात शिजवलेली दाट विलेपी (तांदळाची घट्टसर पेज), त्यानंतर मुगाचे कढण द्यावे. हे कढण आधी फोडणी-मिठाशिवाय (अकृत) आणि मग तूप, सैंधव, जिरे घालून (कृत) करावे. मांसाहारी व्यक्तीस यापुढे मांसरस देतात.

पेजेबरोबर लोणच्याची फोड घेण्याचा मोह आपल्याकडे अनावर असतो, तो आवरावा. दिवसा झोपणे, गार वारा आणि प्रवासही टाळावेत. चक्कर, तीव्र अशक्तपणा किंवा रक्तस्राव आढळल्यास पथ्यावर विसंबून न राहता तत्काळ डॉक्टरांकडे जावे.