इंग्रजीतलं 'करप्शन' कुठे आणि कसं वापरायचं

पहिल्या नोकरीत असताना मी परदेशातल्या एका क्लायंटला मेल टाकला होता, 'देअर इज करप्शन इन युवर अकाउंट्स'. मला म्हणायचं होतं की तुम्ही पाठवलेली अकाउंट्सची फाईल उघडत नाहीये, परत पाठवा. अर्ध्या तासात त्यांच्या साहेबांचा फोन आमच्या साहेबांना, आणि आमचे साहेब माझ्या खुर्चीमागे उभे. 'द अकाउंट्स फाईल इज करप्टेड' एवढं लिहिलं असतं तर काम झालं असतं.

घोळ असा होतो की करप्शन म्हणजे भ्रष्टाचार हे आपल्या डोक्यात फिट्ट बसलेलं असतं. २०११ मध्ये अण्णांच्या उपोषणानंतर तर शेंबड्या पोरालाही 'इंडिया अगेन्स्ट करप्शन' पाठ झालं होतं. पण भ्रष्टाचारात 'आचार' आहे, म्हणजे माणसाचं वागणं, आणि फाईलला कसला आलाय आचार? इंग्रजी शब्द लॅटिनमधून आलाय, त्यातलं 'रप्ट' म्हणजे तुटलेलं, मोडलेलं. इंटरप्ट, इरप्ट, रप्चर, अगदी बँकरप्टसुद्धा त्याच घरातले. त्यामुळे वापरायच्या आधी एवढंच बघा की मुळात धड असलेली गोष्ट बिघडलीय का, मग ती गोष्ट माणूस असो, खातं असो, हार्ड डिस्क असो नाहीतर जुनी पोथी असो, शब्द चालून जातो. सोळाशे अकराच्या सुमाराच्या इंग्रजीत तर मेलेलं शरीर कुजण्यालाही करप्शन म्हणायचे, आता तसं कोणी बोलत नाही, जुनं काही वाचताना दिसलं तर दचकू नका इतकंच.

आता आपण हमखास करतो ती चूक. 'त्याने भ्रष्टाचार केला' याचं आपण सरळ 'ही डिड करप्शन' करतो. इंग्रजीत करप्शन 'डू' करत नाहीत. 'ही टूक ब्राइब्ज' म्हणा, 'ही वॉज करप्ट' म्हणा, पेपरच्या भाषेत लिहायचं असेल तर 'ही वॉज इन्व्हॉल्व्ड इन करप्शन'. या अर्थाने शब्द मोजता येत नाही, म्हणून पुढे 'अ' लावायचा नाही आणि 'मेनी करप्शन्स' तर अजिबात नाही, 'अ लॉट ऑफ करप्शन' किंवा 'मेनी केसेस ऑफ करप्शन'. खातं सांगायचं असेल तर 'इन', जसं 'करप्शन इन द पोलीस'.

करप्ट आणि करप्टेड यात पण गंमत आहे. पैसे खाणारा अधिकारी तो करप्ट ऑफिसर. करप्टेड ऑफिसर म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं बिचारा चांगला होता, कोणीतरी नादाला लावून बिघडवला. फाईलला मात्र दोन्ही चालतं. आणि बिघडवायला पैसाच लागतो असं नाही, इसवीसनपूर्व ३९९ मध्ये अथेन्समध्ये सॉक्रेटिसवर खटला भरला तेव्हा एक आरोप तरुण पोरं बिघडवल्याचा होता, इंग्रजीत त्याला 'करप्टिंग द यूथ' म्हणतात, तिथे कोणी कोणाला दमडी दिली नव्हती.

लाच म्हणजे ब्राइबरी, आणि ती करप्शनचा फक्त एक प्रकार. भाच्याला नोकरी चिकटवली, सरकारी पैसा स्वतःच्या खात्यात वळवला, हेही करप्शनच, लाच नाही घेतली तरी. आपल्याकडे गोंधळ होतो कारण ज्या खात्याचं इंग्रजी नाव अँटी करप्शन ब्युरो आहे त्याचं मराठी नाव लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे. भाषांतर करत असाल तर मूळ वाक्यात ब्राइबरी आहे की करप्शन ते बघून शब्द घ्या. बाकी चिरीमिरीला इंग्रजीत 'पेटी करप्शन' म्हणतात, स्पेलिंग पी-ई-टी-टी-वाय, अर्थ किरकोळ. मुंबईत पेटी म्हणजे एक लाख, तेव्हा हा शब्द पहिल्यांदा ऐकणारा मुंबईकर उलटंच समजणार.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो वापर म्हणजे 'अ करप्शन ऑफ'. इथे 'अ' चालतो, नव्हे लागतोच. सायन हा शीवचा अपभ्रंश, तर इंग्रजीत 'सायन इज अ करप्शन ऑफ शीव'. जगरनॉट हा जगन्नाथचा, तसंच. आणि बघा, भ्रष्ट आणि अपभ्रंश हे दोन्ही शब्द संस्कृतच्या एकाच धातूतून आलेत, त्याचा अर्थ घसरणं, खाली पडणं. म्हणजे इंग्रजीत गोष्ट मोडते आणि आपल्याकडे ती घसरते, पण लाचखोर साहेब आणि बिघडलेला शब्द दोन्ही भाषांनी एकाच पंगतीला बसवलेत. संस्कृत व्याकरणकार पतंजलीने तर 'गौ' (गाय) या एका शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे अपभ्रंश मोजून दाखवलेत. आजचे भाषेचे अभ्यासक या अर्थाने 'करप्शन' हा शब्द शक्यतो टाळतात, कारण त्यात नावं ठेवल्यासारखं होतं, शीवचं सायन झालं तर त्यात पाप काय. निबंधात साधं 'कम्स फ्रॉम' लिहिलं तरी भागतं.

पोथ्यांच्या बाबतीत मात्र शब्द चपखल बसतो. नकलून नकलून पाठ बिघडतात, त्याला 'टेक्स्च्युअल करप्शन' म्हणतात. ज्ञानेश्वरीचं तेच झालं होतं, म्हणून एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये तिची प्रत शुद्ध केली. हे इंग्रजीत सांगायचं तर 'द टेक्स्ट हॅड बिकम करप्ट', आणि यात ज्ञानेश्वरीचा अपमान वगैरे काही नाही, एकदा एका काकांनी याच वाक्यावरून माझ्याशी तासभर वाद घातला होता.

उच्चार करताना जोर 'रप्' वर द्या, पहिला 'क' हलका सोडा. आणि स्पेलिंगमध्ये आर दोन आहेत, माझ्या त्या मेलमध्ये तोही एकच होता.