घरच्या वर्कशॉपसाठी बहुउपयोगी वर्कबेंच: गोव्याच्या दमट हवेत टॉप सपाट कसा ठेवायचा

वर्कबेंच कसं बांधायचं हे सांगणारे नकाशे आणि व्हिडिओ ढिगाने मिळतात. त्यातले बहुतेक कोरड्या, थंड हवेच्या देशांतले असतात आणि जाड, रुंद, एकसंध लाकडाचा टॉप म्हणजेच खरी कारागिरी, असं त्यांतून मनावर बिंबवलं जातं. गोव्यात तो सल्ला पाळू नका. इथे वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. जुलै-ऑगस्टमध्ये पडवीत ठेवलेल्या लाकडातला ओलावा १८ टक्क्यांच्या वर जातो, जानेवारी-फेब्रुवारीत तो १२ च्या आसपास उतरतो. या ६ टक्क्यांच्या फरकाने सागाचा ६०० मिमी रुंद टॉप, लाकूड कसं चिरलंय त्यावर अवलंबून, ४ ते ७ मिमी रुंदावतो आणि पुन्हा आकसतो. साग त्यातल्या त्यात स्थिर लाकूड, तरी ही गत. असा टॉप चौकटीला घट्ट स्क्रूने आवळला तर तो फाटतो, नाहीतर पाये ओढून चौकट वाकडी करतो.

मी जे बेंच बांधतो ते चार कामं करतं: रंधा आणि पटाशीचं हातकाम, शिकंज्यात लाकूड पकडणं, टॉपखाली उलटा बसवलेला राऊटर (फिरत्या पात्याने खाचा आणि कडा कापणारं यंत्र), आणि टेबल सॉमधून (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याच्या करवतीतून) निघणाऱ्या लांब फळीला मागून आधार. या चारांपैकी शेवटच्या दोघांना पृष्ठभाग बारा महिने एका पातळीत लागतो. म्हणून टॉप दोन भागांचा: पुढे २०० मिमी रुंदीची जाड अस्सल लाकडाची फळी, मागे ५०० मिमी रुंदीचा दुहेरी प्लायचा भाग आणि मध्ये २५ मिमीची मोकळी फट. लांबी ५ फूट पुरते. सहा फुटी बेंच घरच्या जागेत फिरायला वाट ठेवत नाही.

मापं आणि सामान

उंची तुमच्या मनगटाइतकी: सरळ उभं राहून हात सैल सोडा आणि मनगटाच्या हाडापर्यंत मोजा. बहुतेकांना ते ३३ ते ३५ इंच येतं. टेबल सॉ असेल तर तिच्या टेबलापेक्षा बेंच २ मिमी खाली ठेवा. वर ठेवलात तर फळीचं टोक मध्येच अडेल, आणि फिरत्या पात्यापाशी अडलेली फळी हा साधा प्रश्न नाही.

पायांसाठी जुन्या घरांच्या तुळया आणि वासे शोधा. जुनी घरं पाडली जातात तेव्हा माट्टी, जांभा, किंदळ या झाडांचं वर्षानुवर्षं सुकलेलं लाकूड निघतं आणि ते नव्या मालापेक्षा कितीतरी भरवशाचं असतं. जांभा हत्यारांची धार लवकर खातो, पण पायांना तो चालतो. रंधा लावण्याआधी प्रत्येक इंच तपासून खिळे काढा, लोहचुंबक फिरवून पाहा. परड्यातला फणस तोडून बेंच करायचा विचार असेल तर आधी वनखात्याच्या परवानगीचं बघा, १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली ती लागते. शिवाय ओलं लाकूड इंचाला एक वर्ष या हिशेबाने सुकू द्यावं लागतं. आंबा मात्र घेऊ नका. त्याला कीड फार लवकर लागते, बेंचखाली रोज बारीक भुशाच्या ढिगल्या दिसू लागतात.

पुढच्या फळीला साग, कडेचा पांढरा भाग पूर्ण काढून. मागच्या भागाला १८ मिमीचं बीडब्ल्यूपी प्लाय (उकळत्या पाण्यातही थर न सुटणारं), ज्यावर आयएस ७१० असा भारतीय मानकाचा शिक्का आहे तेच. "वॉटरप्रूफच आहे" असं सांगून आयएस ३०३ चा माल पुढे केला जातो, तो नको.

सगळं लाकूड, मध्ये पट्ट्या ठेवून, वर्कशॉपमध्येच तीन-चार आठवडे राहू द्या. काम चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर, पाऊस ओसरला की सुरू करा. भर पावसात चिकटवलेलं आणि मापून कापलेलं लाकूड डिसेंबरात तुमचं माप पाळत नाही.

चौकट

चार पाये साडेतीन इंची, खाली आणि वर आडव्या पट्ट्या, खाचेत कुसू (पट्टीचं बारीक केलेलं टोक) घालून, लांबीच्या दिशेने बोल्ट. बोल्ट एवढ्यासाठी की कोरड्या दिवसांत सांधा सैल झाला तर पाना फिरवून आवळता येतो. वरच्या बाजूला टॉप पेलणाऱ्या चार आडव्या पट्ट्या: दोन पायांच्या जोड्यांवर, दोन मध्ये. पायांखाली ग्रॅनाइटचे तुकडे ठेवा, लाकूड थेट फरशीवर नको. चिऱ्याच्या भिंतीपासून बेंच वीतभर पुढे ठेवा, वाळवीची मातीची नळी चढू लागली तर वेळेवर दिसते.

टॉप: इथे घाई करू नका

हा टप्पा नीट जमायला मला पुष्कळ काळ लागला, म्हणून इथे सविस्तर सांगतो. दोन वेगळ्या मालांचे भाग एका पातळीत आणणं अवघड नाही. ते जुलैतही त्याच पातळीत राहणं अवघड आहे.

प्लायची लांबी-रुंदी हवेने जवळजवळ बदलत नाही, कारण त्यातले थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. पण जाडीत प्लाय साध्या लाकडासारखंच फुगतं, हे फार थोडे लोक लक्षात घेतात. आता समजा पुढची फळी ६५ मिमी जाड आणि प्लाय दुहेरी म्हणजे ३६ मिमी, आणि फळी पातळीत यावी म्हणून तिच्याखालची पट्टी खाली उतरवली आहे. पावसात ६५ मिमीची फळी ३६ मिमीच्या प्लायपेक्षा जास्त वर उचलली जाते. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असतो, पण राऊटरवर सरकणारी पट्टी त्या काठाला अडते आणि तिथेच कापात धक्का बसतो.

उपाय असा. फळी सगळीकडे ६५ मिमी ठेवा, पण जिथे ती आडव्या पट्ट्यांवर बसते तिथे तिच्या खालून २९ मिमी खोल खाच मारा. आता पट्टीच्या वर लाकूड ३६ मिमीच राहतं, प्लायइतकंच. उरलेली जाडी पट्ट्यांच्या मधल्या जागेत खाली लोंबते. तिचं वजन आणि ताठरपणा मिळतो, पण तिचं फुगणं वर येत नाही. पट्ट्यांचे माथे सगळे एका उंचीवर येतात, हा दुसरा फायदा, कारण पुढचं सगळं काम त्या माथ्यांवर अवलंबून आहे.

आता माथे सपाट करा. टॉप आधी बसवून मग तो रंधून सपाट करायचा, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. प्लायचा वरचा थर कागदासारखा पातळ असतो, दोन फेऱ्यांत तो संपतो. प्लाय खालच्या चौकटीसारखंच बसतं, म्हणून चौकटच सपाट हवी. आधी बेंच त्याच्या कायमच्या जागी न्या. घरातली फरशी कधीच पूर्ण सपाट नसते. पायांखाली पाचर घालून चारही पाये टेकवा, स्पिरिट लेव्हल लावा आणि त्यानंतर बेंच हलवू नका. मग दोन सरळ अॅल्युमिनियमचे पाइप, पहिल्या आणि शेवटच्या पट्टीवर एकेक ठेवून एका टोकाकडून डोळा लावून पाहा. दोघांच्या कडा समांतर दिसेपर्यंत उंच कोपरा रंधा. पाइप स्वतः सरळ आहेत का हे उलटे करून आधी तपासा. शेवटी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन दोऱ्या ताणा. मध्यभागी त्या एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. खालची दोरी वर घेऊन पुन्हा पाहा, दोन्ही वेळा तसंच दिसलं तर पुढे चला. मधल्या दोन पट्ट्या शेवटी, टोकांवरून ताणलेल्या दोरीला टेकतील इतक्या उतरवा.

प्लायचे दोन थर चिकटवताना दोन्ही तक्ते कुठे फुगीर आहेत ते पाहा आणि फुगीर बाजू आतल्या बाजूला, समोरासमोर ठेवा. मग मध्य आधी चिकटतो आणि कडा शिकंजांनी दाबता येतात. उलट ठेवलं तर मध्ये पोकळी राहते आणि तिथपर्यंत कुठलाही शिकंजा पोचत नाही. डिंक पाण्याला टिकणारा हवा, रोलरने दोन्ही पृष्ठभागांवर. थर त्याच सपाट केलेल्या पट्ट्यांवर ठेवून चिकटवा, स्क्रू फक्त खालून. पूर्ण २४ तास हात लावू नका.

फळी बसवताना पुढच्या कडेजवळचं भोक बोल्टाइतकं नेमकं, मागचं भोक लांबट. १० मिमीच्या बोल्टला १४ मिमी लांबीची खाच पुरते. आता फळी फुगली तर मागे, फटीकडे सरकते आणि पुढची कड पायांच्या सरळ रेषेत राहते. ही रेषा हलली तर शिकंज्यात धरलेली लांब फळी पायाला टेकत नाही आणि तिची कड रंधताना ती डुलते. बोल्ट ३०४ स्टेनलेसचे घ्या, समुद्राच्या हवेत साधे बोल्ट दोन पावसांत गंजून लाकडात अडकतात.

फळीचा शेवटचा रंधा एप्रिल-मेपर्यंत राखून ठेवा. तेव्हा तिला प्लायच्या पातळीपेक्षा दोन कागदांइतकी खाली आणा. किंचित खाली असलेल्या फळीवरून लाकूड अडत नाही, वर आलेल्या काठावर ते अडतं. म्हणून चूक झालीच तर ती खालच्या बाजूला व्हावी. फटीत एक सैल पट्टी घाला. ती काढली की तिथून शिकंजा खाली जातो, आणि थोडी वर उचलून बसवली की रंध्याच्या कामाला ती अडसर म्हणून वापरता येते.

राऊटर

डाव्या टोकाला, प्लायमध्ये. ६ मिमीची अॅल्युमिनियमची प्लेट, खाच प्लेटपेक्षा १ मिमी खोल, आणि खाली पातळी जुळवायला सहा-आठ स्क्रू. खाच नेमक्या जाडीची मारायचा हट्ट नको. अर्ध्या इंची कॉलेटचा (पातं धरणाऱ्या तोंडाचा) राऊटर जड असतो, तो लटकल्यावरच प्लेटची पातळी पट्टी ठेवून तपासा. मागे सरळ आधार-फळी, तिच्यातच भुसा ओढणारी नळी. लाकूड उजवीकडून डावीकडे ढकलायचं, उलट नाही.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. त्याच टॉपखाली मार्बल कटर किंवा ग्राइंडर उलटा बसवून स्वस्तात टेबल सॉ करायची पद्धत फार पसरली आहे. करू नका. मार्बल कटर मिनिटाला १२-१३ हजार फेरे घेतो, त्याला पात्यामागे काप उघडा ठेवणारी पाती नसते, उलटा बसवल्यावर पात्यावरचं संरक्षणही जातं. कापलेलं लाकूड पात्यावर मिटलं की ते थेट तुमच्या पोटाच्या दिशेने येतं. हातातली सर्क्युलर सॉ बेंचवर, खाली थर्माकोल ठेवून, सरळ पट्टीच्या आधाराने चालवा. काम तितकंच सरळ होतं.

राऊटरच्या वायरीत असा स्विच हवा की वीज जाऊन परत आली तर यंत्र आपोआप सुरू होऊ नये. इथे पावसाळ्यात वीज केव्हाही जाते. वर्कशॉपच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंगही हवंच.

बाकीचं

शिकंजा पुढच्या फळीच्या डाव्या टोकाला, त्याच्या जबड्याच्या रेषेत फळीवर लाकूड अडवणाऱ्या खुंट्यांसाठी २० मिमीची भोकं, चार-चार इंचांवर. डावखुरे असाल तर सगळं उजवीकडे. खाली दोन कप्पे आणि एक उघडा रॅक. बंद कपाट केलं तर आतल्या पटाश्या गंजतात.

शेवटी पॉलिश: टॉपच्या वर आणि खाली, दोन्हीकडे सारखेच हात. खालची बाजू कोरी ठेवली तर ओलावा तिथूनच शिरतो आणि टॉप पिळतो. प्लायच्या कापलेल्या कडांना इपॉक्सीचे दोन हात. वर चकचकीत काही नको, लाकूड घसरतं. तेलाचा पातळ हात आणि त्यावर सिलिकॉन नसलेलं मेण, कारण सिलिकॉन पुढे तुमच्या वस्तूंवर उतरतं आणि त्यांचं पॉलिश फाटतं. खोबरेल तेल लाकडाला किंवा हत्यारांना लावू नका, ते चिकट होऊन भुसा धरून ठेवतं. शिकंज्याच्या लोखंडी जबड्यांना पाऊस सुरू होण्याआधी मेणाचा एक हात द्या आणि चवथीनंतर बोल्ट एकदा पान्याने तपासा.