अबोलीच्या शेजारी मरवा लावा

अबोलीला रंग आहे, वास नाही. मरव्याला वास आहे, पण त्याचं फूल मिरवण्याजोगं नाही. म्हणून दोघांची जोडी. बेळगाव-खानापूरकडे परसात जागा असेल तर ही दोन्ही झाडं जवळजवळ लावा, गजऱ्याला दुसरं काही आणावं लागत नाही.

अबोलीच्या वाळलेल्या बोंडाला पाणी लागलं की ते तडकतं आणि बी लांब उडतं. त्यामुळे पहिल्या वळवानंतर मूळ झाडाभोवती रोपं शोधा, हळूच उचलून लावा. तांबड्या मातीत शेणखत मिसळलं की पुरे. मरवा मात्र आपल्याकडच्या पावसात कुजतो. माझा दोनदा गेला, फार वाईट वाटलं. तो कुंडीत, वाळू मिसळलेल्या मातीत लावा आणि जून ते सप्टेंबर पागोळ्यांपासून दूर, पण उजेडात ठेवा.

गजरा केळीच्या भिजवलेल्या सोपटात, म्हणजे खोडाच्या सालपटाच्या पट्टीत गुंफा. दोरा अबोलीचे नाजूक देठ कापतो, सोपट ओलावा धरून ठेवतं. चार-पाच फुलांमागे मरव्याची एक काडी. दुसऱ्या दिवशीही गजरा ताजा राहतो.

उरलेल्या कोपऱ्यात पानओवा हवाच, तो फांदी खोचली तरी जगतो. सर्दी-खोकल्यात घरोघरी पान तव्यावर गरम करून, रस पिळून मधातून चाटवतात. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध अजिबात देऊ नका, आणि खोकला लांबला तर डॉक्टरांकडेच जा.