तगरीची पाने रातोरात फस्त होत होती : माझा अनुभव

कुंडीतल्या तगरीचे शेंडे रोज सकाळी बोडके दिसत आणि खाली मिरीएवढ्या काळपट लेंड्या पडलेल्या असत, पण अळी काही केल्या सापडत नव्हती. निंबोळी अर्काची फवारणी आणि रात्री बॅटरी घेऊन केलेली शोधाशोध दोन्ही निष्फळ ठरल्यामुळे मी अक्षरशः वैतागून गेलो होतो.

अखेर उपयोगी पडले ते असे. सकाळी कुंडीखालची जागा झाडून तिथे पांढरा कागद अंथरला. दुपारी ताज्या लेंड्या जिथे पडल्या, त्याच्या बरोबर वरची पाने उलटून पाहिली. देठाला बिलगलेली, बोटाएवढी हिरवी अळी दिसली : मागे पिवळसर शिंग, कडेला पांढरी रेघ आणि डोक्यामागे निळ्या डोळ्यांसारखे दोन ठिपके. ही ओलिएंडर (म्हणजे कण्हेर) हॉक मॉथ या पतंगाची अळी. ती चावत नाही, तिच्यामुळे खाजही सुटत नाही. मात्र तिची पकड घट्ट असल्याने ओढून काढल्यास तिला इजा होते, म्हणून ती बसलेली डहाळीच कापून कुंपणाबाहेरच्या कण्हेरीवर ठेवावी. कण्हेर विषारी असल्याने नंतर हात धुवावेत. तपकिरी पडून जमिनीवर फिरणारी अळी कोशासाठी जागा शोधत असते. तिला पालापाचोळ्यात सोडावे, त्यातूनच पुढे हिरव्या-गुलाबी नक्षीचा देखणा पतंग निघतो. तगरीला पुन्हा पालवी फुटली आहे.